गोधडी म्हणजे शर्ट नव्हे

मालवण, १० डिसेंबर

प्रिय अ‍ॅनी,

पाकीट बघून घाबरू नकोस, कोणी मेलेलं नाही. फोनवर तू ओरडतेस, मी 'काय? काय?' करतो, मग डेल्सी तुझ्या हातातून फोन घेते आणि तीही ओरडते. शेवटी आपलं बोलणं शेजारच्या चार घरांना कळतं आणि मला तेवढं कळत नाही. म्हणून पत्र लिहितोय. पत्रातलं मला सगळं ऐकू येतं.

काम एवढंच आहे. डेल्सीने यशोदेच्या फोनवर निरोप पाठवला होता. यशोदा काज-बटणाचं काम घेऊन आली तेव्हा तिने तो फोन माझ्या नाकासमोर धरला आणि मी वाचला. आपली नात आता वेगळ्या खोलीत निजते म्हणे. तेरा वर्षांची झाली फेबी. आणि तिला विकतची रजई नको, मालवणातल्या घरी असते तसली गोधडी हवी. मडगावात एसी लावून खोली थंड करायची आणि मग थंडी वाजते म्हणून गोधडी मागायची, हा शहाणपणा तिच्या आईचा, आपल्या डेल्सीचा. पण पोरीने मागितली आहे. आणि तुझ्या उजव्या मनगटाला अजून सुई धरवत नाही, हेही त्या निरोपात होतं.

तर गोधडी मी शिवणार आहे. हसू नकोस. अर्ध्या मालवणच्या अंगात मी शिवलेले शर्ट आहेत. बारशाला झबलं शिवलं त्याच पोराला लग्नात सूट शिवून दिला. चार कोपऱ्यांची एक गोधडी मला भारी पडणार आहे का? तिला ना कॉलर, ना बाही, ना खिसा.

फक्त हिशेब सांग. खाटेपेक्षा दोन्ही बाजूंना किती सोडतेस? आत किती घड्या घालतेस? मागच्या बाजूला तुझी ती निळी सुती साडी लावावी असं मनात होतं, धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली. ट्रंकेत शोधली, मिळाली नाही. तिकडे नेलीस का?

डेल्सीने आणखी एक लिहिलं होतं. ईस्टरला जावई सॅविओ गाडी घेऊन येणार, तोवर मी सामान बांधून ठेवायचं, घराला कुलूप लावायचं आणि त्यांच्याकडे राहायला जायचं. नाही तर नाही म्हणून सांगायचं. तू परत येणार आहेस की नाहीस, याबद्दल तिने एक अक्षर लिहिलं नाही. तूही काही सांगत नाहीस. मीही विचारत नाही. मी कापडाचं विचारतोय.

तुझा,
लुईस

*

मालवण, २८ डिसेंबर

प्रिय अ‍ॅनी,

तुझं उत्तर आलं नाही. नाताळात पोस्टाला सुट्ट्या असतात, म्हणून असेल असं मी धरून चाललोय.

मडगावला आलो नाही याचा डेल्सीला राग आला असेल. दुकानात काम होतं असं तिला कळवलं. तुला खोटं कशाला सांगू, काम नव्हतं. आता तयार कपडे मिळतात, माझ्याकडे लोक पँटी आखूड करायला आणि चेन बदलायला येतात. मी आलो नाही, कारण तू मला बोलावलं नाहीस. डेल्सीने बोलावलं, सॅविओने बोलावलं, फेबीने चित्र काढून पाठवलं. तुझा निरोप त्यात कुठे नव्हता.

नाताळच्या सकाळी चर्चमध्ये मिसाला गेलो. पाद्री काय बोलले ते कळलं नाही, पण दरवर्षीचंच असणार. घरी येऊन पेजेबरोबर सुकट खाल्ली. संध्याकाळी यशोदा भाकऱ्या घेऊन आली आणि उलट मीच तिला नाताळच्या गोड नेवऱ्या दिल्या, बाजारातल्या. तिने एक तोडून तोंडात टाकली आणि माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली. ओठांवरून मला कळलं. "अ‍ॅनीबायच्यो न्हय ह्यो." एवढं ऐकण्यासाठी कान लागत नाहीत.

असो. तू सांगत नाहीस म्हणून हिशेब मी माझा केला. ऐक आणि चूक काढून दाखव.

सॅविओकडून फेबीच्या खाटेचं माप मागवलं. छत्तीस इंच रुंद, बहात्तर लांब. दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच लोंबायला हवी, म्हणजे अठ्ठेचाळीस. पायाकडे चार जास्त, म्हणजे शहात्तर. माझ्याकडे कातरणाची तीन पोती आहेत, तू दर मे महिन्यात जाळून टाका म्हणायचीस ती. त्यातून चौकोनी तुकडे कापायचे. शिवल्यावर चार इंची दिसायचा तुकडा पाच इंची कापावा लागतो, कारण अर्धा-अर्धा इंच शिवणीत जातो. हे फक्त शिंप्याला सुचतं. बाकीचे चारचा तुकडा चारच कापतात आणि मग डोक्याला हात लावतात. आडवे बारा, उभे एकोणीस. दोनशे अठ्ठावीस तुकडे. आत जुनी धोतरं आणि माझ्या दोन लुंग्या. मागे चादर.

तुकडे कापताना मजा येते. हे बंदरावरच्या कस्टमवाल्याचं खाकी, हे हायस्कूलच्या मुलींचं निळं चौकड्याचं, हा डेल्सीच्या पहिल्या कम्युनियनचा पांढरा फ्रॉक. तुझ्या ब्लाउजांचे तुकडे निघाले तेवढे वेगळे ठेवलेत. ते मधोमध लावीन.

तू मापं घ्यायचीस ते आठवलं. घरात तीन-तीन टेप लोंबत असताना परकराची नाडी घेऊन बसायचीस आणि तिला गाठी मारायचीस. एक गाठ रुंदीची, जोडगाठ लांबीची. मी विचारायचो, इंच किती? तू म्हणायचीस, "माका इंच कशाक होये? गोधडेक कोण सर्टिफिकेट देता?" मी गिऱ्हाइकांसमोर तुझी नक्कल करायचो. तू हसायचीस, निदान मला तसं वाटायचं.

लुईस

*

मालवण, १७ जानेवारी

अ‍ॅनी,

गोधडी झाली. सॅविओ वेंगुर्ल्याला आला होता, तो इकडे वळला आणि घेऊन गेला. हे पत्र मिळेल तोवर फेबी तिच्यात गुरफटून निजलेली असेल.

हातानेच टाके घातले. मशीनवर चालवली असती तर दोन दिवसांत झाली असती, पण मग तुला बोलायला जागा मिळाली असती. बोटाबोटाच्या अंतरावर ओळी घातल्या, पट्टीने खडू ओढून. तुझ्या ओळी वाकड्या जायच्या, माझी एकही गेली नाही. हे मी तुला डिवचायला लिहितोय. डिवचलं की तू उत्तर द्यायचीस, म्हणून.

टाके घालताना माणूस फार विचार करतो, हे मला माहीत नव्हतं. मशीनवर विचार करायला होत नाही, पाय चालतो आणि डोकं गप्प राहतं. तू वर्षानुवर्षं ओटीवर बसून टाके घालायचीस तेव्हा काय-काय मनात यायचं ते तू मला सांगितलंही असशील. मी आत मशीनवर असायचो.

तू न्हाणीघरात पडून मनगट मोडलंस, त्या ऑगस्टातल्या दिवशीही मशीन चालू होतं. डॉक्टरांना मी हेच सांगितलं, डेल्सीलाही हेच सांगितलं. मशीन चालू होतं, पाऊस कौलांवर आपटत होता, न्हाणीघर परसात आहे, कोणाला ऐकू आलं असतं? असं मी सगळ्यांना विचारत सुटलो. पण यशोदेला ऐकू आलं, अ‍ॅनी. ती रस्त्यावरून येत होती, तिला ऐकू आलं. मी तुझ्यापासून दोन भिंतींवर होतो. तू मला किती हाका मारल्यास ते तू कधी सांगितलं नाहीस आणि मला विचारायचा धीर झाला नाही.

सॅविओने त्याच्या आधीच कानातलं मशीन आणून दिलं होतं. मी ते बटणांच्या खणात टाकलं. म्हातारा दिसतो म्हणालो. सत्तरीचा माणूस म्हातारा दिसायला घाबरला.

आणखी एक सांगतो. तू मडगावला जायला गाडीत बसलीस तेव्हा काचेतून काहीतरी बोललीस. मी हसून हात हलवला. मला वाटलं, तू 'येते' म्हणालीस. काय म्हणालीस ते दोन दिवसांनी यशोदेने सांगितलं. "जन्मभर भितीवांगडा बोललंय. आता चेडवाकडे जातंय, थंय माका कोणतरी जाप तरी देतला."

जन्मभर भिंतीशी बोललीस, आता कोणी उत्तर तरी देईल म्हणून लेकीकडे निघालीस, आणि मी हसून हात हलवत होतो.

गोधडी कशी वाटली ते कळव.

लुईस

*

मालवण, ३ फेब्रुवारी

अ‍ॅनी,

तुझा निरोप पोचला. इतक्या महिन्यांत पहिला, आणि तोही डेल्सीच्या हाताने, यशोदेच्या फोनवर, एका ओळीचा. "तांका सांग, गोधडी म्हणजे शर्ट न्हय."

सोबत फेबीने फोटो पाठवला आहे. खाटेवर गोधडी पसरली आहे आणि ती आखूड पडली आहे. दोन्ही कडांना चार-चार बोटं लोंबते, बस. पायाशी खोचली तर गळ्याला पोचत नाही. पोरगी कुशीवर वळली की पाठ उघडी पडत असणार. तिने खाली बदामाचं चित्र टाकलंय, पण आजोबाला बरं वाटावं म्हणून टाकलेला बदाम मला ओळखता येतो.

मी आधी चिडलो. सॅविओने माप चुकीचं दिलं म्हणालो. मग तुकडे पुन्हा मोजले, कागदावर गुणाकार पुन्हा केला. बारा चोक अठ्ठेचाळीस. एकोणीस चोक शहात्तर. कुठे चूक नाही. तरी फोटोतली गोधडी चव्वेचाळीसच्या वर दिसत नव्हती.

शेवटी यशोदेला विचारलं. ती इतकी हसली की तिच्या हातातला शर्ट खाली पडला. मग तिने माझ्या समोर बसून, तोंड मोठं करून, एकेक शब्द सांगितला. "टाको घातलो काय धागो कापड ओढून घेता, लुईसबाब. गोधडी आखडता. पयलीच वायच मोठी धरूची लागता. ह्या तर आमच्या चेडवांकाय कळता."

मी तिथल्या तिथे एक तुकडा घेतला, तीन घड्या केल्या, टाके घातले आणि मोजला. खरं आहे. सुई खाली जाते, वर येते, आणि दर वेळी कापडाचा एक कण घेऊन जाते. शर्टाला शिवण कडेला असते, म्हणून तिथे मोजता येते. गोधडीला सगळी शिवणच. मी चारी कडांना अर्धा-अर्धा इंच धरला आणि मधलं काहीच धरलं नाही. शर्ट शिवणाऱ्याचीच चूक ही, दुसरा कोणी करणार नाही.

तू कडा सोडायचीसच, शिवाय आखडायलाही सोडायचीस. मी तुला किती वेळा म्हणालो असेन, एवढं कापड कशाला घेतेस, नासाडी करतेस. तू सांगितलं असशील कारण. नक्कीच सांगितलं असशील.

तुझ्या त्या ओळीचा राग आला नाही. खरं सांगायचं तर मी ती यशोदेला तीनदा दाखवायला लावली. तिच्या फोनमध्ये आहे ती, पुसू नको म्हणून सांगितलंय. घरात फार शांतता आहे, अ‍ॅनी. बहिऱ्या माणसाने शांततेची तक्रार करावी म्हणजे कमालच झाली. पण तू असताना मला ऐकू आलं नाही तरी कोणीतरी बोलतंय हे कळायचं. ओठ हलायचे, भांडी आपटली की जमीन हलायची, तू रागावलीस की माझ्यासमोरचा चहाचा कप जोरात ठेवायचीस. आता कप मीच ठेवतो, मीच उचलतो.

गोधडी परत पाठव. कडेने पट्टी जोडून मोठी करतो. किती हवी तेवढं तरी या खेपेला सांग.

लुईस

*

मालवण, १९ फेब्रुवारी

अ‍ॅनी,

पार्सल मिळालं. पणजी-मालवण बसच्या कंडक्टरने दुकानात आणून दिलं. मला वाटलं फेबीची गोधडी असेल. उघडलं तर तुझी निळी साडी, घडी घालून, आणि तिच्याभोवती परकराची नाडी गुंडाळलेली. नाडीला गाठी. चिठ्ठी नाही. मी साडीची घडी उलगडून झटकली, पिशवी उलटी केली, पण चिठ्ठी नाहीच.

गाठी तुझ्याच आहेत, पण तुझ्या नेहमीच्या नाहीत. ढिल्या आहेत आणि उलट्या बाजूने पडल्यात. डाव्या हाताने मारल्यास ना? दाताने ओढल्याची खूणही आहे. मी ती नाडी किती वेळ हातात धरून बसलो ते सांगत नाही.

मग टेप घेतली. तुझी पद्धत ठाऊक आहे, टोकापासून एका गाठीपर्यंत रुंदी, त्याच टोकापासून जोडगाठीपर्यंत लांबी. रुंदी भरली ऐंशी इंच. लांबी नव्वद.

ऐंशी, अ‍ॅनी? फेबीची खाट छत्तीसची आहे. कडा धर, आखडणं धर, सगळं धरलं तरी त्रेपन्न-चौपन्नच्या वर जात नाही. ऐंशीची केली तर दोन्ही बाजूंनी जमिनीवर लोळेल, पोरगी पायात अडकून पडेल. मी एकदा आखूड केली म्हणून तू आता तंबू करायला सांगतेस काय?

साडीचंही कोडं आहे. साडेपाच वाराची साडी, पंचेचाळीसचा पन्ना. फेबीच्या गोधडीच्या मागे लावायला साडीचा अर्धा तुकडा घेऊन कडेला थोडी पट्टी जोडली की झालं. तू अख्खी पाठवलीस. तुझ्याकडून कापडाची उधळपट्टी पहिल्यांदाच पाहतोय. तू तर बनियनच्या बाह्यासुद्धा जपून ठेवणारी.

डेल्सीला विचारलं, फेबीला नवीन मोठी खाट घेतली का. तिने लिहिलं, नाही, तीच आहे, आणि ती आखूड गोधडी फेबी परत द्यायला तयार नाही. "आजोबांनी शिवलेली आहे, मी पाय जवळ घेऊन झोपते," म्हणाली म्हणे. बघ आता.

मग मी कोणासाठी शिवायची ही? तुझ्या हाताला त्रास होतो हे कळतं, डेल्सीला सांगून दोन ओळी लिहून घे. मी साडीला कातर लावलेली नाही. लावणारही नाही, तू सांगितल्याशिवाय.

ईस्टर जवळ येतोय. सामान बांधायला घेतलं होतं. एका खोक्यात तुझी भांडी भरली, मग पुन्हा काढून फळीवर लावली.

लुईस

*

मालवण, ३ मार्च

प्रिय अ‍ॅनी,

यशोदा आंगणेवाडीच्या जत्रेला गेली आहे, मसुऱ्याला बहिणीकडे राहून मग येणार. काल दिवसभर इकडे कोणी फिरकलं नाही. बाजारही ओस होता, सगळे देवीच्या रांगेत. बोलायला कोणी नाही म्हटल्यावर मी ते केलं जे तू असताना करायला हवं होतं. बटणांच्या खणातून ते कानातलं मशीन काढलं, बॅटरी घातली आणि कानात बसवलं.

पहिल्यांदा काय ऐकू आलं सांगू? माझं शिलाई मशीन. अ‍ॅनी, केवढं करकरतं ते! पायडल दाबलं आणि मी दचकून उठलो. मला वाटलं मांजर चिरडलं. एवढा आवाज तू इतकी वर्षं ऐकत होतीस? तेल घाला, तेल घाला, असं तू म्हणायचीस ते मी ओठांवरून ओळखायचो आणि मला वाटायचं केसांना म्हणतेस. घातलं आज. सगळीकडे घातलं, बिजागऱ्यांनासुद्धा.

मग नळ ठिबकताना ऐकला. माझं स्वतःचं जेवणं ऐकलं, ते काही बरं नाही. मग परसात गेलो, न्हाणीघराच्या दारात उभा राहिलो आणि तिथून हाक मारून पाहिली. तुझ्या नावाने. शेजारची कोंबडी पळाली. आत मशीनपाशी कोणी असतं आणि कानात हे असतं, तर नक्की ऐकू गेलं असतं. मला क्षमा कर. मला ते दुसऱ्या कोणत्या शब्दांत लिहिता येत नाही.

आता नाडीचं.

काल दुपारी साडी पसरून बघावी म्हणून जागा शोधत होतो. दुकानातलं कटिंगचं टेबल पुरलं नाही, म्हणून आत आणली आणि आपल्या खाटेवर टाकली. तुझ्या वडिलांनी दिलेली फणसाची खाट. मी अजून दाराच्या बाजूलाच निजतो, भिंतीकडची तुझी बाजू तशीच रिकामी असते. साडीवर नाडी आडवी टाकली, कुठे कापायचं ते बघायला. एक टोक दाराच्या कडेला धरलं. गाठ पलीकडे भिंतीशी गेली आणि खाली हातभर लोंबली.

मी बसलोच. मग उठून टेप आणली, कारण माझा विश्वास टेपेवर आहे. उलटा हिशेब केला. ऐंशीतून आखडायचे सहा काढले, चौऱ्याहत्तर राहिले. तू दोन्ही बाजूंना एक-एक वीत लोंबायला सोडतेस. तुझी वीत सात इंचांची, हे मला माहीत आहे, तुझे ब्लाउज मीच शिवलेत आणि तुझ्या हातमोज्यांचंही माप मी घेतलं होतं, आपल्या लग्नाच्या वेळी. दोन वीत काढल्या. साठ राहिले. खाट मोजली. साठ. लांबी मोजायची गरज नव्हती, तरी मोजली.

इतक्या लांब बसून, टेप न घेता, डाव्या हाताने, तू आपल्या खाटेचं माप इंचाला इंच बरोबर धरलंस. आणि साडी अख्खी पाठवलीस, कारण मधोमध कापून दोन तुकडे शेजारी-शेजारी जोडले की दोघांच्या गोधडीला पाठ होते. एकट्याच्या गोधडीला अर्धी पुरते.

मी दहा-बारा दिवसांपूर्वी तुला लिहून विचारलं, ही कोणासाठी. तुझं सांगून झालं होतं. मला नेहमीप्रमाणे उशिरा कळलं.

का मीच माझ्या सोयीने ऐकतोय? बहिऱ्या माणसाला ही खोड असते, अर्धं ऐकतो आणि उरलेलं त्याला हवं तसं भरतो. मी चुकत असेन तर डेल्सीला सांगून एक ओळ पाठव, मी साडी तशीच घडी करून, नाडी गुंडाळून, परत पाठवीन आणि ईस्टरला सामान बांधून ओटीवर बसून राहीन. तुझ्यावर रागावणार नाही. पण आता सरळच विचारतो, कापडाचा आडोसा न घेता. अ‍ॅनी, घरी येशील का?

साडी आज सकाळी कापली. धीर धरवला नाही. मधली शिवण मशीनवर मारली, करकर न होता. वरचे तुकडे जुळवायला घेतलेत, तुझे ब्लाउज मधोमध आहेत. या वेळी कडांना धरलं आहे आणि आखडायलाही धरलं आहे. टाके मात्र मी फक्त दाराच्या बाजूने घालीन, मधल्या ओळीपर्यंत. भिंतीकडची बाजू तशीच ठेवतो. सुई तुला धरायची नाही, सुई मीच धरीन. तू समोर बसायचं आणि सांगायचं, इथे ओळ वाकडी गेली, इथे धागा जास्त ओढला, मशीनला तेल घाला, बाजारातल्या नेवऱ्या फेकून द्या. जे काही इतक्या वर्षांचं राहिलंय ते सगळं सांग. मी ऐकणार आहे.

फोन करणार होतो. कानात मशीन घालून यशोदेची वाटही बघत होतो, तिचा फोन मागायला. मग वाटलं, तुझा आवाज पहिल्यांदा फोनवर ऐकायचा नाही. तो याच घरात ऐकायचा.

सॅविओला सांग, ईस्टरला गाडी आणायचीच असेल तर येताना भरून आण आणि जाताना रिकामी ने.

आणि दारातून आत आलीस की सवयीने ओरडू नकोस. हळू बोललीस तरी चालेल.

तुझा,
लुईस